कपाळावरचा चष्मा

कुकरचं झाकण निघतं तेव्हा आधी आवाज येतो,
मग वास, मग वाफ,
आणि मग आम्हीच एकमेकींना दिसेनाशा होतो.
वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला, पत्र्याखाली
तेरा बायका, तेरा कटर,
काल वाफवलेलं बी, पायाखाली पेडल.

काजूच्या टरफलात तेल असतं, काळं.
हाताला लागलं तर सालपटं निघतात,
म्हणून आम्ही राख चोळतो.
डोळ्याला राख चोळता येत नाही.
शेवंतीचं झालं त्यानंतर मालकाने चष्मे आणले
आणि भिंतीवर पाटी: चष्मा लावणे सक्तीचे आहे.
ज्युलियाना दहावी पास. तिने खाली कोळशाने लिहिलं:
दिसणे ऐच्छिक.

कारण लावला की तीन मिनिटांत पांढरं.
बी कुठे, पातं कुठे, आपला अंगठा कुठे.
अख्ख्या गराचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा,
तुकड्याला तर विचारूच नका,
आणि पांढऱ्यात फक्त तुकडे पडतात.
म्हणून चष्मा कपाळावर.
तपासणीची गाडी फाटकात वाजली की तेरा चष्मे खाली,
गाडी गेली की वर.
शेवंतीला तेव्हा चष्माच नव्हता.
आम्हाला होता, आणि आम्ही तिच्याच रांगेत बसलो होतो.

हलिमा बटाटा घेऊन आली, कापून काचेवर घासला.
दुपारपर्यंत माश्या.
टूथपेस्टने रेघा उठल्या, त्या अजून आहेत.
माझा भाचा रोहिदास मालवणात
पर्यटकांना समुद्राखालचे मासे दाखवतो.
तो म्हणाला, "थुक मार गो मावशे, नि चोळ."
मारली. ज्युलियानाने तोंड फिरवलं.
पाच मिनिटं टिकली.
त्याला धुवायला अख्खा समुद्र आहे,
आमच्याकडे नुसती वाफ.

मग साबण. अंगाचा, वडी कोरडीच काचेवर फिरवायची,
मग सुक्या फडक्याने पुसत राहायचं, पुसत राहायचं,
साबण दिसेनासा होईपर्यंत.
दिसता नये, पण असावा.
घरात आयुष्यभर हेच केलं, शिकावं लागलं नाही.

साबणाने अर्धं काम केलं.
उरलेलं अर्धं चहाच्या झाकणीने.
थंड झाकणी ठेवली की आतून थेंब,
चुलीच्या कडेला तापलेली ठेवली की कोरडी ठाक.
दुसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं आधी आले
आणि चष्मा कुकरच्या पाइपाजवळच्या खिळ्याला टांगला.
ऊब लागेपर्यंतच. जास्त ठेवला तर पट्टा वितळतो,
ज्युलियानाचा आता सुतळीने बांधलेला आहे.
आणि नाकावरचं फडकं वरून घट्ट हवं,
नाहीतर आपलाच श्वास वर चढतो
आणि आपल्यालाच आंधळं करतो.

त्या दिवशी साडेनऊ किलो अख्खे.
तुकडा पसाभर.
आणि पहिल्यांदा मी पातं येताना पाहिलं,
रोज येत असणार तसंच, अंगठ्यापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर.
हात थांबला. मग परत चालू केला.

शेवंती आता ग्रेडिंगच्या टेबलावर बसते,
गर बोटांनीच निवडते, पांढरा, करपलेला, कीड लागलेला.
सुट्टीत मी माझा चष्मा तिला दिला.
तिने लावला, कुकरकडे तोंड केलं, वाफेत थांबली.
"एका डोळ्याक तरी बरा दिसता गो," म्हणाली.
हसावं की नाही मला कळेना.
ती हसली, आणि चष्मा लगेच परत दिला नाही.

आता खिळे तेरा आहेत.
मालकाने विचारलं, ह्याला खर्च किती आला?
मी म्हटलं, एक साबण. तोही घरचा.
तो हिशेबात घेतो का बघायचं.

घरी आल्यावर वाचायचा चष्मा लावून
मी पेजेच्या टोपावरचं झाकण काढते, शीत शिजलं का बघायला.
दोन्ही काचा पांढऱ्या होतात.
हा पुसत नाही.
डवली हातात धरून तशीच उभी राहते,
आतून आवाज येतो, मावशे, पेज उतू जाता,
तरी थोडी.