पहिला रकाना

सक्करदऱ्याच्या आमच्या कॉलेजात
सोडियमची बरणी डोमाजी लांजेवारच उतरवतात.
मातीतेलातला राखाडी गोळा चिमट्यानं काढून
टिपकागदावर ठेवतात, सुरी लावतात.
खव्यासारखा कापला जातो.
आत क्षणभर चांदी. मग तीही मळते.
"मसुरीएवढाच," मी म्हणते.
"मले नोका सांगू मॅडम," ते दरवर्षी म्हणतात.

पाण्यावर तो गोल होऊन धावतो, फुसफुसतो,
मागे गुलाबी रेघ ठेवत विरतो.
पोटॅशियमचा कण त्याहून लहान,
तरी जांभळा पेट घेतो.
शेवटच्या बाकावरून कुणीतरी "बाप्पा!" म्हणतं.

फळ्यावर मी वर्तुळात वर्तुळं काढते.
गाभा आत, शेवटचा इलेक्ट्रॉन बाहेर, एकटा.
रकान्यात खाली याल तशी मधली वर्तुळं वाढतात,
ओढ पोचत नाही.
पोरं वहीत वर्तुळं काढतात, नुसती वर्तुळं.
डोमाजी मागून सांगतात,
"नंदनवनातलं पोट्टं दुपारी घरी जेवाले जाते.
कामठीचं शनवारी जाते.
सिरोंच्याचं होस्टेलात राह्यते, दिवाळीलेच घर पाह्यते.
त्याले कोनीबी म्हनलं चाल, का तो चालला."
याहून बरं मला बावीस वर्षांत सांगता आलेलं नाही.

सिझियम आम्ही कुणीच पाहिलेलं नाही.
साडेअठ्ठावीस अंशांवर वितळतं म्हणे.
उन्हाळी वर्गात इथली भिंत त्रेचाळीस दाखवते,
म्हणजे असतं तर ते बंद नळीत
सोनेरी पाण्यासारखं हललं असतं,
काच कधी फुटते याची वाट बघत.

मग तक्त्याचं दुसरं टोक, सतरावा रकाना.
तिथे घेणारे राहतात, आणि तिथे सगळं उलट.
सर्वांत वरचा सर्वांत हावरा.
फ्लोरीन एवढा लहान, की गाभा दारातच बसलेला,
येणाऱ्याचं मनगट धरून आत ओढणारा.
त्याखाली क्लोरीन, गोरेवाड्याहून नळातून येणारा वास.
ब्रोमीन, मे महिन्यात बुचाशी तपकिरी धुमसणारं.
आयोडीन त्याहून खाली, ऐसपैस घराचं,
माजघरातली हाक दारापर्यंत जाईस्तो विझते.

कारण एकच: अंतर.
अंतरानं देणारा उधळतो,
अंतरानंच घेणारा ढिला पडतो.
हे मी परीक्षेसाठी अधोरेखित करायला लावते.

वर्ग सुटल्यावर काचपात्र धुताना डोमाजींनी विचारलं,
"मॅडम, हे सगळ्यात वरचं लिथियम, तेच काय?"
खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली, अर्धी रिकामी.
"रोशनची. मानकापूरच्या दवाखान्यातली."

मी म्हटलं, गोळीत धातू नसतो.
त्यानं आपला इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेला असतो,
म्हणून शांत.
"म्हंजे आता त्याच्यापाशी द्याले कायी नाही?"
नाही.
नळ चालूच होता.
"पोरगाबी तसाच बसते," ते म्हणाले.

मग नळ बंद करून,
"डॉक्टरीण म्हनते, उनात धाडू नोका, पानी पाजा,
जेवनातलं मीठ तोडू नोका. मीठ काहून?"
तेवढं मला येत होतं.
मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियमलाच सोडियम समजतं,
सोडत नाही. रक्तात ते चढत जातं.
एकाच रकान्यातले, खाली-वर राहणारे.
चूक कुणाचीही होईल.

ते काही बोलले नाहीत.
बरणीतल्या मातीतेलाची पातळी पाहिली,
दोन बोटं आणखी ओतलं, झाकण आवळलं,
कपाटाला कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं.

सव्वाचारला मी गेटबाहेर पडले तेव्हा
कडुलिंबाखालच्या कैरीच्या गाडीपाशी
त्यांची सायकल उभी होती.
कैरी त्यांनी एकच घेतली.
मिठाची पुडी मात्र
भांडून दुसरी मागून घेतली.