निळा कागद

खोक्यावर लिहिलं होतं: वय वर्षं चौदा आणि पुढे.
मी बावन्न.
आत दोनशे अकरा तुकडे, पितळेचे, पोलादाचे,
आणि एक पत्रक, ज्याचं सातवं पान नव्हतंच.

दिवसभर नौपाड्यातल्या लॅबमध्ये मी कवळ्या करते.
संध्याकाळी तेच टेबल पुसते,
प्लास्टरची भुकटी झटकते
आणि बॉयलर मांडते गुलाबी हिरड्यांच्या शेजारी.

पहिला महिना नुसता कानस चालवण्यात गेला.
साच्यातून आलेल्या प्रत्येक तुकड्याला बारीक मिशी असते,
ती काढायची, ओठ न कापता.
तिळाएवढा एक स्क्रू निसटला, टिंग,
आणि मी अर्धा तास फरशीवर पालथी, चुंबक फिरवत.
सापडला तो करंदीकरकाकूंच्या खालच्या कवळीत.

डावा दांडा वर असेल तेव्हा उजवा पुढे हवा,
बरोब्बर काटकोनात.
एवढंच वाक्य. त्याला तीन रविवार.
श्रीरंग म्हणाला, एवढ्या वेळात चालत पुणं गाठलं असतं.

दात केसभर उंच राहिला की माणूस धड जेवत नाही.
मग आम्ही त्याला निळा कागद चावायला देतो.
डाग उमटेल तिथे घासायचं,
तिथेच, बाकी कुठे नाही.
वाफेच्या पेटीतल्या झडपेलाही मी तोच कागद दिला.
एका कोपऱ्यात डाग.
काचेवर पॉलिशचा थेंब, बोटानं आठचे आकडे काढत
घासलं. पुन्हा कागद. पुन्हा काच.
बाविसाव्या वेळी झडप अख्खी निळी झाली
आणि माझं बोटही, दोन दिवस,
मतदान करून आल्यासारखं.

आग लावण्याआधी हवेवर चालवून बघतात.
तीन पेट्रोल पंपाजवळ कुंजुमोनचं पंक्चरचं दुकान.
ट्यूब बादलीत बुडवता बुडवता तो थांबला.
किती भरू?
पंधरा. हळू.
नळी लावली, चाकं अधांतरी फिरली:
छक, छक, छक, आणि एक गिळलेला.
रिक्षावाले जमले. एकानं विचारलं, मायलेज काय देतं?
कुंजुमोननं हात पुसले, कान जवळ नेला,
हवा कुठून निसटते ते वीस वर्षं ऐकत आलेला कान.
चौथा कमी आहे, मॅडम. लंगडतं.

अर्धा आटा. नट फक्त अर्धा आटा मागे.
आता चौथा आला, पण पहिला उगाच दणक्यात.
पाव आटा पुढे.
त्यानं पैसे घेतले नाहीत. हवेचे कसले, म्हणाला.

माघातल्या एका पहाटे गच्चीत रूळ मांडले.
गच्चीला उतार असतो, पाणी वाहून जावं म्हणून.
सतरा वर्षं मी तिथे पापड वाळवलेत, मला कळला नव्हता.
रुळांखाली कवळीचं मेण सरकवलं, पट्टी पट्टीनं.
लॅबचंच डिस्टिल्ड पाणी, लॅबचंच स्पिरिट,
तीन वाती.
सहा मिनिटं काही नाही.
येऊरच्या बाजूला एक दिवा विझला.
मग सेफ्टी व्हॉल्व्ह फिसफिसला,
एखाद्यानं झोपेत नाव घ्यावं तसा.
बोटानं ढकललं.
आधी ते तेलकट पाणी थुंकलं
माझ्या गाऊनवर, श्रीरंगच्या चहात,
आणि गेलं.

टाकीला वळसा, अँटेनाच्या खांबाला वळसा,
चढावर दम, उतारावर नुसती उधळण;
मेण थोडं कमीच पडलं असणार.
नऊ मिनिटं. स्पिरिट संपेपर्यंत.
श्रीरंग चहा न ओतता उभा.

चौथा ठोका अजून जरासा आत आहे.
मला येतो ऐकू, त्याला नाही.
करंदीकरकाकूंचा काल फोन: कवळी छान बसली गं,
फक्त चकली चावताना उजवीकडे किंचित.
म्हटलं, मंगळवारी या, बघते.
इंजिनाचा मंगळवार अजून ठरवलेला नाही.