तांबडी चांदणी

सहा हजार दोनशे अकरा फायली.
मीच मोजल्या. दुसरं कोण मोजणार?
दवाखान्यात आम्ही तिघं: डॉक्टर कांगस,
नर्स बर्निस, आणि खिडकीत मी,
एकतीस वर्षं.
बाहेर सुपीरियर सरोवर गोठलेलं.
तांब्याच्या खाणी मी शाळेत असतानाच मिटल्या,
उरलेलं गाव खोकतं, आणि आमच्याकडे येतं.

ग्रँड रॅपिड्सहून एक पोरगा आला, कोल्टन,
बुटांना बर्फ, काखेत तीन लॅपटॉप.
म्हणाला, ही सगळी कपाटं आता एवढ्याशा डबीत मावतील.
डॉक्टर म्हणाले, मला कपाटं पुरतात.
पण सरकारी पैशाला मुदत होती,
आणि मुदतीनंतर दंड.
सत्तरीच्या माणसाने एका बोटाने
स्वतःचं नाव टाइप केलं, चुकवलं,
आणि खोडायचं कसं ते मला विचारलं.

मग रोज संध्याकाळी, दार लावल्यावर,
मी आणि फायली.
युजीन माटिला: मधुमेह, रक्तदाब.
समासात पेन्सिलीने: ‘पैसे नाहीत. मासे चालतील.’
याला रकाना नाही.
मिसेस पेनहेल: गुडघे. कोपऱ्यात बारीक:
‘मुलाचा विषय काढू नये. एप्रिलमध्ये तर नाहीच.’
पर्यायांची यादी उघडली, खालपर्यंत गेले.
तिच्यात एप्रिल नव्हता.
मी ते ‘इतर’मध्ये घातलं.
‘इतर’ फुगत चाललं,
घरात एक ड्रॉवर असतो ना,
सुतळ्या, बेवारस किल्ल्या, संपल्या की नाही
ते कुणालाच ठाऊक नसलेले सेल.

मी कागदाच्याच बाजूची होते, खोटं कशाला बोलू.
पण तिसऱ्या आठवड्यात पडदा लाल झाला.
हॅरिएट लुओमा. पेनिसिलीन वर्ज्य.
एकोणऐंशीची ती चिठ्ठी
कॉफीच्या डागाने मागच्या पानाला चिकटलेली,
आणि दोन हजार तीनमध्ये, आमच्याच अक्षरात,
पेनिसिलीन, दहा दिवस.
हॅरिएट वाचली कारण तिने
पैसे वाचवायला गोळ्या घेतल्याच नव्हत्या.
डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.
घातला. परत काढून पुसला.

शेवटी एस अक्षराचा खण आला.
सारिनेन, आयली. म्हणजे मी.
मार्च, चौऱ्याण्णव. डॉक्टरांचं अक्षर,
जे या गावात फक्त मला आणि औषधवाल्याला लागतं:
‘डावं मनगट निळं-पिवळं. बर्फावर पडले म्हणते.
पुन्हा विचारणे.’
पुढचं पान: नोव्हेंबर. सर्दी.
त्याच्या पुढचं: सर्दी.
त्यांच्या दारापासून आठ फुटांवर माझी खुर्ची.
रोज सकाळी ते मला विचारत आले,
कॉफी झाली का?

पडद्यावर सातवा प्रश्न, शेजारी तांबडी चांदणी.
चांदणी असली की उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
‘घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का?’
या प्रश्नावर डॉक्टर चिडायचे.
एल्मर पानूला विचारला तेव्हा तो हसताना
खुर्चीवरून पडायचा राहिला:
परसात अस्वल येतं, ते धरायचं का?
यंत्राला भीड नाही.
ते आल्यागेल्या प्रत्येकाला विचारतं, बिशपलासुद्धा.
आणि ते माझ्या रेनोबरोबर
कधी मासे धरायला गेलेलं नाही.
डॉक्टर जायचे. दर शनिवारी,
बर्फातल्या एकाच भोकात दोघांचे गळ.

रेनोला जाऊन नऊ वर्षं झाली.
कर्सर लुकलुकत राहिला.
होय. नाही. सांगायचं नाही.
मी तारीख बदलून पाहिली: मार्च, चौऱ्याण्णव.
मागची तारीख ते घेत नाही.

बाकीच्या फायली खोक्यांत भरल्या,
खोक्यांना चिकटपट्टी लावली.
तेवढी एक डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, उघडी,
त्या ओळीखाली पेन्सिल.

सकाळी ते आले. आत गेले.
कोट काढल्याचा आवाज आला नाही.
कॉफी मी केली नव्हती.