पान चौऱ्याऐंशी

बस, ॲन्सेल. खिडकीबाहेर बघू नकोस,
ती शिकाऊ पोरं आहेत, सकाळी सातपासून
अख्ख्या गावाचे चमचे वाजवत फिरतात.
एंटरप्राइझ, अलाबामा. इथे भर चौकात
कपाशी खाऊन टाकणाऱ्या किड्याचा पुतळा आहे.
नुकसानालाही चौथऱ्यावर चढवणारी माणसं आम्ही,
म्हणून तुझ्यावर रागावले नाही.

पण हे पान चौऱ्याऐंशी.
तुझा वैमानिक ओरडतो, "आपण पडतोय! देवा, आपण पडतोय!"
अरे, ज्याला पडता पडता एवढं बोलायची सवड आहे
तो पडत नाहीये.

आवाज उलटा चालतो, लिहून घे.
जमिनीवर आम्ही भांडखोर:
कुणी कुणाचं सँडविच खाल्लं,
कुणाच्या बायकोने कुत्रं ठेवून घेतलं आणि नवरा परत पाठवला.
हजार फुटांवर यातलं निम्मं उरतं.
आणि खाली धूळ उठली की
बँकेतला कारकून नोटा मोजतो तसं.

"धूळ शेपटीला."
"धूळ दाराला."
"धूळ नाकाला. काही दिसत नाही."

संपलं. उद्गारचिन्ह नाही.
तुझी मी सगळी खोडलीत, एकशे बारा भरली,
घरी ने, कुणाच्या तरी केकवर लाव.
आणि ते "ओव्हर अँड आऊट":
ओव्हर म्हणजे तू बोल, आऊट म्हणजे मी चालले.
पाहुण्याला या म्हणायचं आणि आतून कडी लावायची?

आता कंट्रोल.
यंत्र क्षणभरही कुणाच्याच हातात नाही, असं होता कामा नये,
म्हणून आम्ही तीनदा बोलतो.
"तुझ्याकडे."
"माझ्याकडे."
"तुझ्याकडे."
तिसरं तू कापलंस. समासात लिहिलंयस, "लांबण".

त्या रात्रीचं विचारत होतास ना फोनवर.
चौकशीच्या खोलीत त्यांनी मला फीत ऐकवली.
माझा आवाज मला ओळखता आला नाही,
इतका कंटाळलेला.
मागून मिंगो: "डावीकडे तीन फूट. दोन. एक. थांब."
ऑगलट्री उडवत होता. मी म्हणाले, "इंधन अकराशे."
मग पत्र्यावर कुणीतरी शेंगा ओतल्यासारखं काहीतरी.
"मिंगो?"
"मिंगो."
त्याच पट्टीत, बघ, दोन्हीदा.
मग ऑगलट्री, अगदी नीट, शाळेत हजेरी देतात तसं:
"हात चालत नाहीये. तुझ्याकडे."
"माझ्याकडे."

तिसरं आलं नाही.

तिथे तू त्याच्या तोंडी घातलंयस,
"माझ्या लेकीला सांग…"
त्याला लेक नव्हती.
युफॉला तलावावर एक बोट होती, हप्ते थकलेली,
आणि तिचं इंजिन माझ्या गॅरेजमध्ये सुटं पडलेलं.
अजून आहे.

अठ्ठावीस मिनिटं उडवलं मी.
दर दहा मिनिटांनी इंधन मोठ्याने सांगायचं, नियम आहे.
"इंधन नऊशे."
शेजारच्या माणसाने "ऐकलं" म्हणायचं, तोही नियम आहे.
"इंधन सातशे."
मिंगो जिवंत होता. त्याच्या हेल्मेटची वायर तुटली होती,
सगळा वेळ मागून उत्तरं देत होता म्हणे, मला ऐकूच आली नाहीत.
हे मला उतरल्यावर कळलं.

तुझा दिग्दर्शक म्हणेल, इथे संगीत टाकू.
टाकू दे. पगार त्याचा आहे.
तू फक्त दोन आकडे लिही,
आणि त्यांच्या मध्ये पान मोकळं सोड,
कागद वाया जातो म्हणून कुरकुरू नकोस.

बाई, बिल याच्याकडे द्या, हा लॉस एंजेलिसचा आहे.

हं. ही लाल पेन्सिल धर.
पुढची पानं तू तपास.
तुझ्याकडे.

नुसती मान काय हलवतोस?
तोंडाने बोल.