उंचीमापक

बाबांच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ आहे
जे वेळ सांगत नाही.
काळी तबकडी, पांढरे काटे, काचेवर एक चरा,
पाठीवर लाल रंगात कुणीतरी रंगवलेलं: निकामी.
सोनेगावच्या तळावर, उपकरणांच्या शेडमध्ये
चौतीस वर्षं त्यांनी हीच यंत्रं उघडली, पुसली, जुळवली.
निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि हे त्यांनी मागून घेतलं.

पुंडलिक उरकुडे, नागरी कर्मचारी.
विमानात एकदाच बसले,
तेही जमिनीवर उभ्या असलेल्या.

आजी म्हणायची, धावपट्टीच्या खाली माही तूर हाये.
गोऱ्यांच्या लढाईत मोजणीवाले आले,
चुन्याच्या रेघा मारल्या, मुरूम पडला, रोलर फिरला.
पैसे किती मिळाले ते तिला कधीच आठवलं नाही.
बांधावरच्या बोरी मात्र ती
शेवटपर्यंत बोटांवर मोजून दाखवायची. अकरा.

मग नथ्थूकाकाची गोष्ट.
मध्यरात्री चार दिशांनी चार विमानं उतरायची,
एकमेकांच्या टपालाच्या पिशव्या घ्यायची
आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी.
नथ्थूकाका खांद्यावरून मद्रास उचलायचा,
दिल्लीच्या पोटात ठेवायचा.
त्याने शिवणगावहून जैताळ्याला टाकलेलं कार्ड
चौथ्या दिवशी पोचलं,
तोवर ज्या लग्नाचं बोलावणं ते, ते लागून गेलं होतं.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात खिडक्यांना काळे कागद.
बाबा नवे होते. एक काटा वीस फूट चुकत होता.
वीस फुटांनी काय होतं, असं मी लहानपणी विचारलं,
तर अंगणातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं.
रात्रभर बसले. पहाटे यंत्र गेलं, विमान गेलं.
परत आलं का?
ते उठून पाणी प्यायले.

नंतर आली ती मोठ्या पोटाची.
त्यांच्या आवाजाने आमच्या फडताळातल्या कपबश्या
एकेक बोट पुढे सरकायच्या,
आई दर रविवारी त्या मागे ढकलायची.
भूकंपाच्या वर्षी तंबू गेले, घोंगड्या गेल्या,
पुराच्या वर्षी होड्या.
नागपुरातून होड्या!
बाबांना याचं फार हसू यायचं.

हे उंची मोजत नाही, ते सांगायचे,
हे हवेचं ओझं मोजतं.
आत पत्र्याची एक चपटी डबी आहे,
हवा हलकी झाली की ती पुरीसारखी फुगते,
काटा समजतो, आपण वर निघालो.
आणि शून्य कुठलं धरायचं ते माणसाने ठरवायचं.
समुद्र धरला तर सोनेगावची जमीनच हजार फूट वर.
तळ धरला तर आपण सगळे शून्यावर,
साहेब, हमाल, टिटव्या, सगळे.

माझा मुलगा म्हणतो, आजोबा, आता उपग्रह सांगतो उंची,
सेंटिमीटरमध्ये. फोन पुढे करतो.
बाबा चश्मा लावून आकडा नीट वाचतात.
बरोबर असंल, म्हणतात,
पण त्याले विचार, शून्य कुठलं धरलं तुनं?

आईला यातलं काही नको.
तिने त्या यंत्राचा उपयोग केव्हाच शोधलाय.
मे महिन्यात गच्चीवर वाळवण पडलं
की ती जाता येता काट्याकडे बघते.
काल दुपारी खालूनच ओरडली,
घर चढून रायलं वो, कुरड्या काढा!
आम्ही पळालो. चादरी, परात, सुपं.
नव्वद फूट चढलं घर, आम्हा सगळ्यांसकट,
न हलता.

आभाळ काळं झालं, धूळ उठली, पाऊस काही आला नाही.
बाबा काचेवर बोट टेकवून उभे होते,
अर्धी कुरडई तोंडात.
म्हणाले,
बुढीची तूर बी चढली असंल तेवढीच.