शटरच्या आतली बाजू

जुम्माभाऊ तडवी खडूनं लिहायचे
शटरच्या आतल्या बाजूला.
फेरे, तारेचा गेज, गावाचं नाव,
कधी नुसताच एक बाण, या पट्टीवरून त्या पट्टीवर.
दिवसभर ते सगळं गुंडाळून वर, डब्यात.
रात्री दुकान बंद केलं, आत बल्ब लावला
की फैजपूरपासून रावेरपर्यंतच्या मोटरी
ओळीनं उभ्या.

ते सुरतेला गेले, मुलाकडे.
घरमालकानं शटरला हिरवा ऑइलपेंट मारला,
दोन हात, आतूनही.
चांगल्या मनानं.

तेव्हापासून मी मोबाइलात लिहितो.
एका मोटरीची एक चिठ्ठी.
माथ्यावर तारीख, खाली जे दिसलं ते :
जळक्या वार्निशचा वास, बेअरिंगमध्ये वाळू,
माणूस काय बोलला, काय बोलायचं टाळलं.
ग्रीसचा अंगठा पडद्याला ओळखू येत नाही,
म्हणून करंगळीनं टाइप करतो.
गिऱ्हाईक विचारतं, काय लिहू राह्यला भो, उधारी?

दोन चौकटी कंसांत नाव घातलं
की ही चिठ्ठी त्या चिठ्ठीला बांधली जाते.
वाइंडिंगसारखंच आहे.
शेवट कोणाचा, सुरुवात कोणाची, पाहून जोडायचं.
तीन तारांतल्या दोन अदलाबदल झाल्या
तरी मोटर फिरतेच.
उलटी.

हे मला ठाऊक होतं. मी दुसऱ्यांना शिकवायचो.

सुपडूनाना फेगड्यांची पाच एचपी
वैशाखात दोनदा जळली.
मी लिहिलं : रात्रीची लाइट, नाना पिऊन झोपले,
पाणी तुटलं, मोटर कोरडी चालली.
आणि कंसांत घातलं, दारू.
त्या चिठ्ठीत आधीच चार जण होते, नाना पाचवे.
तेवढ्यावर थांबलो नाही,
चहाच्या टपरीवर बोलूनही आलो.

मग एक दुपार. सत्तेचाळीस अंश,
पंखा गरम हवा नुसती इकडून तिकडे ढकलतोय.
कोणाच्या तरी मळ्याचा रस्ता शोधायला
‘हिंगोण्याची डीपी’ ही चिठ्ठी उघडली.
तिच्यात एवढंच : इथून डावीकडे, निंबापर्यंत.
पण प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी
तिच्याकडे बोट दाखवणाऱ्यांची यादी येते.
तिथे होते
सुपडूनाना. झेंडू महाजन. सलीम पिंजारी.
तिघं एका डीपीवर, बारा दिवसांत.
आणि तिन्ही चिठ्ठ्यांत, माझ्याच करंगळीचं :
दोन फेजच्या कॉइल काळ्या, तिसरी कोरी.

कोरडी चालली असती तर तिन्ही गेल्या असत्या.
वरून एक फेजच येत नव्हती.
वायरमननं ढिला फ्यूज आवळला, बिडी पेटवली, गेला.

नानांच्या चिठ्ठीतून ती जोडणी मी पुसली.
चार अक्षरं मागे, चार कंस मागे.
टपरीवरून कशी पुसायची?
नाना आता मोटर सावद्याला नेतात.
रस्त्यात भेटले तर रामराम करतात,
पूर्वीसारखाच. तोच जास्त लागतो.

‘शटर’ नावाची एक चिठ्ठी आहे.
आत काही नाही.
जिथे जिथे जुम्माभाऊंचं आठवलं, अर्धंमुर्धं,
तिथून तिच्याकडे एक दोरी सोडली, अशा एकसष्ट.
परवा फोन लावला. मागं यंत्रमागांची खडखड.
विचारलं, साडेसातला फेरे किती घ्यायचे तुम्ही?
हसले. आकडा असा येत नाही, बाबू.
मोटर पुढ्यात असली की हात सांगतात.
आणि ते बाण?
खडखड थोडा वेळ एकटीच बोलत राहिली.
मग म्हणाले, ते होय.
जिथं मी चुकलो, तिथून काढायचो.

शटर ओढलं, बल्ब लावला.
हिरवा रंग, त्यात माझी सावली.
रिकामी चिठ्ठी उघडली आणि पहिली ओळ टाकली,
दोन कंस, मध्ये सुपडूनाना,
दोन कंस.