कंपाउंडरनं घर

डॉक्टरांनी कोरडी हवा लिहून दिली
आणि आम्ही दापोलीचं घर विकून
साक्रीच्या पुढे, पांझरेच्या काठाला
हे चार खोल्यांचं घर घेतलं. औषध म्हणून.

टेम्पोतून कपाटं उतरली तेव्हा
त्यांची दारं अजून फुगलेली होती,
तीस पावसाळ्यांची ओल पोटात घेऊन आलेली.
पंधरवड्यात सैल झाली.
रात्री एखादं फळकूट कडकन वाजायचं
आणि जयंत उठून बसायचा, कोण आहे?
कोणी नाही. लाकूड वाळतंय.

घर कंपाउंडरचं. तो सुरतेला मुलाकडे गेला,
औषधांचं कपाट तेवढं ठेवून,
कारण ते भिंतीतच होतं.
चोवीस खण, प्रत्येकावर त्याचं टपोरं अक्षर:
खोकला. हगवण. खरूज. विंचू.
चिठ्ठ्या सोडवायला मी कढत पाणी घेऊन बसले,
मग म्हटलं, राहू दे आज.
तर आता खोकल्यात आमसुलं आहेत,
हगवणीत मोहरी,
आणि विंचवाच्या खणात, का कोण जाणे,
दापोलीची किल्ली.
नवा मालक म्हणाला होता, असू द्या तुमच्याकडे,
मी कुलूप बदलणारच आहे.

शेजारच्या निंबाबाईने घरभरणीला खापर दिलं.
मी ते उताणं ठेवून पाणी भरलं, चिमण्यांसाठी.
ती दोन दिवस हसत होती,
तिसऱ्या दिवशी येऊन चुलीवर पालथं घातलं
आणि मनगटांवर झुलवत झुलवत
परातीएवढी पुरणाची पोळी त्याच्यावर सोडली.
मला अजून जमत नाही. माझी मधेच फाटते.
चिमण्यांना आता स्टीलची वाटी.

दाराला पितळी पाटी लावली, आडनावासकट.
कुणी वाचली नाही.
मीटरवाला, सिलिंडर, अनोळखी लग्नांच्या पत्रिका,
सगळं कंपाउंडरच्या नावाने येतं.
एकदा रात्री अडीचला एक पोरगा, कडेवर बहीण.
"कंपाउंडर नहीत का? हिना कान दुखी ऱ्हायना."
जयंतने मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून
तासभर शेकत ठेवली तिच्या कानाला.
तो स्वतः धापा टाकत होता, तिला कळू न देता.
सकाळी ओट्यावर भरताची वांगी,
हिरवी, लांबडी, देठाला दव.

आणि पाणी. आमच्याकडे पाणी कुणाचंच नव्हतं,
ते भिंतीत असायचं, उशीत, मिठाच्या बरणीत.
इथे हिलाल पाटकरी खांद्यावर कुदळ टाकून येतो
आणि परसाच्या कुडाशी उभा राहून सांगतो,
"आज पानी तुमनं शे."
पायाने चिखलाचा बांध सारतो. पाणी येतं
सावकाश, वाटेतला पाला तपासत,
मिरचीच्या बुडाशी थांबतं.
घड्याळ न बघता तो त्याच पायाने बांध लावतो
आणि पाणी दुसऱ्याचं होतं.
मी हे पाहत राहते, चहा थंड होईपर्यंत.

जयंतचा श्वास? बरा आहे.
धुळीने शिंकतो. मे महिन्यात म्हणाला,
छाती सुकली गं, आता मीच वाळतोय पापडासारखा.
त्या रात्री मी चादर भिजवून खिडकीला टांगली
आणि दिवा मालवून
दोघं तिच्या वासाजवळ पडून राहिलो.
काही बोललो नाही.
पहाटेपर्यंत चादर कडक झालेली.

काल कुरिअरवाल्याचा फोन, धुळ्याचा मुलगा, वैतागलेला.
मॅडम, दोन चकरा झाल्या, घर सापडत नाही.
मी म्हटलं, पाटाच्या कडेने ये, निंबाच्या झाडापाशी वळ,
कुणालाही विचार, कंपाउंडरनं घर.
आठेच शे.

जयंतने पेपर खाली घेतला.
काय म्हणालीस?
पत्ता सांगितला, मी म्हटलं,
आणि आमसुलं काढायला
खोकल्याचा खण ओढला.